पडवीतली घटपर्णी: पाणी, उपास आणि गुटी

आमच्या किनाऱ्यावर घटपर्णी, म्हणजे घटात किडे पकडणारं झाड, मरते ती दोन गोष्टींनी: विहिरीच्या पाण्याने आणि शेणखताने. दोन्ही आपण मायेने घालतो. बाकी उकाडा, ओल, मुंग्या असं तिला लागणारं सगळं कोकणात फुकट आहे. घाटावरची हौशी माणसं काचेच्या पेटीत वाफेचं यंत्र लावून जी दमट हवा तयार करतात, तिने आमच्या कपाटातल्या साड्यांना बुरशी येते.

माझा धंदा काजूच्या कलमांचा. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमची लहानशी रोपवाटिका आहे. पाऊसभर वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची कलमं बांधायची, वाढवायची, विकायची. घटपर्ण्या विकायला नाहीत, त्या पडवीत आणि खोलीच्या खिडकीत हौसेने टांगलेल्या. पण कलमं न्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी तिथेच थबकतं. "माशी खाता ता झाड ह्याच मा? बोट घातलंय तर चावतला काय?" चावत नाही. घटातलं पाणी आंबट, पाचक असतं, पण त्यात बुडालेली मुंगी विरायलाही दिवस जातात, बोटाला काय होणार! बोट घालताना घट कलंडून आतलं पाणी सांडलं तर मात्र तो वेळेआधी वाळतो. म्हणून लहान मुलांच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर टांगा.

घट म्हणजे फूल नव्हे, हे एकदा सांगून ठेवते, कारण "फुलं कधी येतात" असं घटांकडे बोट दाखवून विचारतात. पानाचं टोक लांबून त्याचा तणावा होतो, त्या तणाव्याचं टोक फुगतं आणि त्याचा घट होतो. झाकण उघडेपर्यंत आत पाणी तयार असतं, ते झाडाने स्वतः केलेलं. झाकणाखाली आणि काठाला गोड रस सुटतो, मुंगी त्या ओढीने येते. काठ दमट हवेत ओला असतो आणि पावसातल्या कौलावरून पाय सुटावा तशी ती आत जाते. काठ कोरडा असेल तर मुंगी आरामात फिरून परत जाते. म्हणून कोरड्या हवेत घट असूनही शिकार होत नाही, आणि नवे घट तर धरतच नाहीत.

नर्सरीत "पिचर प्लांट" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा व्हेंट्राटा असतं. फिलिपिन्समधल्या दोन जातींपासून झालेला हा संकर दणकट आहे, सुरुवात त्यानेच करा. जगात घटपर्णीच्या दीडशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सकडच्या. त्यांचे ढोबळ दोन गट पडतात, सखल भागातल्या आणि डोंगरातल्या. फोटो बघून लोक भुलतात ते डोंगरातल्यांना. राजा नावाची सगळ्यात मोठ्या घटांची जात बोर्निओच्या किनाबालू परिसरात 1500 ते 2650 मीटर उंचीवर राहते, तिला रात्र गार लागते. आपली आंबोलीसुद्धा 690 मीटरवर आहे, आणि किनाऱ्यावर मे महिन्याच्या रात्री पंखा लावूनही घाम येतो. तेव्हा राजाचा नाद सोडा. अँपुलॅरिया, मिराबिलिस, रॅफ्लेसियाना या सखल भागातल्या जाती आपल्या हवेला आपल्याच वाटतात.

भारतात रानात वाढणारी घटपर्णी एकच, खासियाना, मेघालयातल्या गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांत. ती सायटिस या वन्य झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून उपटून आणलेल्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, टिश्यू कल्चरचं आहे की कलमाचं. उत्तर देताना तो घुटमळला तर घेऊ नका.

आता उपासाबद्दल. श्रावणात कुठल्याही सड्यावर जा. कातळावर बोटभर माती, तीही पावसाने धुऊन काढलेली. तिथे सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली असतात आणि जरा खाली वाकून बघितलं तर दवबिंदूही दिसतो, पानांवर चिकट थेंब घेऊन. दोघंही किडे पकडणारी. आसवं मातीतल्या पाण्यात बारक्या पिशव्यांनी, दवबिंदू चिकट केसांनी. त्या मातीत नत्र नाही, म्हणून ते किड्यातून घ्यायचं. घटपर्णीचंही तेच. तिची मुळं गरीब जमिनीसाठी घडलेली आहेत. शेणखत, गांडूळखत, जीवामृत, 19:19:19 चं रासायनिक खत यांतलं काहीही कुंडीत गेलं की मुळं भाजतात. आणि एखादी त्यातूनही तगली तर मोठी हिरवीगार पानं काढते, घट धरायचं सोडून देते. मालक खूश की झाड जोरात आहे. जोरात आहे खरं, पण घट नसलेली घटपर्णी ठेवून काय करायचं?

पाणी ही सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणून इथे जरा रेंगाळते.

या झाडाला क्षार सोसत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं, ते घ्या. पन्नासच्या खाली आकडा असेल तर उत्तम, शंभरपर्यंत निभतं. आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात ठीक असतं, पण खाडी जवळ, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चव बदलते आणि आकडा शेकड्यांत जातो. ते पाणी माणसं पितात, माडाला तर काहीच वाटत नाही, घटपर्णीच्या पानांच्या कडा मात्र तपकिरी व्हायला लागतात. पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट आटल्यामुळे वाढतात. दिव्याचा, म्हणजे यूव्ही, फिल्टर जंतू मारतो, क्षार काढत नाही. आरओचं शुद्ध पाणी चालतं, त्याच यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी नाही. एसीचं टपकणारं पाणीही अडीअडचणीला चालतं, नळी स्वच्छ असेल तर.

पण ज्या पट्टीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे पाणी विकत घ्यायचं म्हणजे शोभत नाही. कौलांच्या पन्हळीखाली निळं प्लास्टिकचं पिंप लावा. मृगाच्या पहिल्या चार-पाच सरी जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ, कावळ्यांची घाण आणि कौलावरचं वाळकं शेवाळ उतरतं. मग भरा. सिमेंटची टाकी नको, त्यातून चुना सुटतो. तोंडाला दुहेरी पातळ कापड घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास घरातच. दोन कुंड्यांना दिवसाआड पाऊण लिटर धरलं तरी ऑक्टोबरपासून जूनपर्यंत शंभर लिटर पुरतं. दोनशे लिटरचं एक पिंप म्हणजे चैन.

पाणी घालताना वरून सढळ घाला, खालून निथळू द्या. ताटलीत पाणी साचवून कुंडी त्यात बुडवून ठेवू नका. कुंडीतलं मिश्रण ओलं असावं, चिखल नसावा. ते पार कोरडंही पडू देऊ नका, एकदा वाळून गेलेली मुळं परत उठत नाहीत.

मिश्रणात माती अजिबात नाही. मी दोन भाग नारळाच्या सोडणाचे अर्ध्या इंचाचे तुकडे, एक भाग स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं दलदलीतलं शेवाळ) आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) घेते, वर मूठभर धुतलेला लाकडी कोळसा फोडून. राख मात्र नको, ती खारी असते. सोडण आपल्याकडे परड्यात पडलेलं असतं म्हणून लोक सरळ कापून घालतात. त्यात मूळचेच क्षार असतात, आणि काथ्यासाठी खाडीच्या पाण्यात कुजत घातलेलं असेल तर विचारूच नका. पावसाळ्यात तुकडे जाळीच्या पिशवीत भरून पागोळीखाली ठेवून द्या. तीन-चार आठवडे पाऊस त्यावरून गेला की काम झालं. पावसाळा नसेल तर भिजवा, ओता, परत भिजवा, आणि ओतलेल्या पाण्याचा टीडीएस खाली येईपर्यंत हे करत राहा. विटेसारखं दाबून मिळणारं कोकोपीटही न धुता वापरू नका.

तळाला निचऱ्यासाठी जांभ्याचे तुकडे घालायला हरकत नाही. जांभ्यात चुना नसतो, लोखंड-अॅल्युमिनियमची माती ती. फक्त जुन्या भिंतीचे चिरे फोडू नका, त्यांना गिलाव्याचा चुना चिकटलेला असतो. कुंडी प्लास्टिकची, भरपूर भोकांची. मातीच्या कुंडीच्या अंगावर क्षार साचतात.

कुंडी दर दोनेक वर्षांनी बदला, आणि तेव्हा मुळं बघून दचकू नका. घटपर्णीची मुळं काळी, केसांसारखी बारीक आणि ठिसूळ असतात. निरोगी असतानाही काळीच. कुजली समजून लोक ती कापून टाकतात. कुजलेलं मूळ चिमटीत लिबलिबीत लागतं आणि वास येतो, एवढाच फरक. जुन्या मिश्रणासकट उचलून नव्या कुंडीत ठेवा, झाडून साफ करू नका.

उजेडाचं कोडं आमच्या घरांत वेगळं आहे. छपरं खाली उतरलेली, पावसाळ्यात पडवीला झड येऊ नये म्हणून ताडपत्री किंवा झावळ्यांचं आडोसं बांधलेलं. आषाढात दुपारी दोनला दिवा लावावा लागतो. एरवी पूर्वेच्या खिडकीत सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन आणि दिवसभर चांगला उजेड पुरतो. जून ते ऑगस्ट मात्र पांढऱ्या उजेडाची वीस वॉटची एलईडी ट्यूब झाडावर हात-सव्वा हात उंचीवर लावा, दिवसाला बारा तास. उजेड भरपूर असला की कोवळ्या पानांवर लाली येते. पानं गडद हिरवी, लांब, लोंबती आणि तणाव्यांची टोकं तशीच वाळत असतील तर उजेड कमी आहे. हिवाळ्यात, पौषाच्या सुमाराला जमिनीवरून कोरडा वारा सुटतो, तेव्हाही टोकं वाळतात. त्या दिवसांत झाडाखाली रुंद ताटात पाणी ठेवा, कुंडी त्यात टेकू न देता. समुद्राकडच्या खिडकीत असेल तर पानांवर मिठाचा थर बसतो, आठवड्यातून एकदा पावसाच्या पाण्याने पुसून घ्या.

पावसाळ्यात ओल इतकी की पानांवर काळे ठिपके पडतात. त्यावर उपाय हवा खेळती ठेवणं. छोटा पंखा समोरच्या भिंतीकडे तोंड करून लावून द्या. पोफळीवर मारायला घरात बोर्डो हे बुरशीनाशक कालवलेलं असतं, ते उरलंसुरलं हिच्यावर मारायचा मोह होतो. बोर्डोत चुना आहे. लांब ठेवा.

खाऊ घालण्याबद्दल सगळ्यांना भारी उत्साह. आमची शेजारीण वयनी एकदा सुक्या जवळ्याची चिमूट घेऊन आली, "बिचाऱ्याक उपाशी कित्याक ठेवतस?" जवळा समुद्राचा, मीठ त्याच्या अंगातच. शिवाय तो घटात कुजतो आणि खोलीभर वास सुटतो. मटणाचा तुकडा, दूध, भात, काही नको. पडवीतल्या झाडाला मुंग्या आपणहून मिळतात, काही करावं लागत नाही. बंद खोलीतल्या झाडाला माशांच्या टाकीत टाकतात ते एखादं-दुसरं दाणेदार खाद्य, महिन्यातून एकदा, एखाद्या घटात. सगळ्या घटांत नाही. घट महिना-दोन महिने, कधी जास्तही टिकतो, मग वरून वाळत येतो. वाळलेला कापा, त्याचं पान हिरवं असेपर्यंत राहू द्या.

मुंग्यांची एकच कटकट: त्या पिठ्या ढेकूण आणून बसवतात. पानाच्या बगलेत पांढरा कापूस दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, आठवड्याने परत बघा. खवले कीड असेल तर नखाने खरवडून तेच.

आता माझ्या आवडीचा भाग.

झाड दोन-तीन वर्षांत वेलीसारखं वर चढतं, खालची पानं गळतात, बुंध्याजवळ उघडा दांडा राहतो. वरचे घटही निराळे येतात, अरुंद, आणि त्यांचा तणावा मध्ये वेटोळं घेऊन आधार पकडतो. अशी वेल झाली की ती वाढवायची वेळ आली. सगळीकडे छाट कलम सांगतात. मी आधी गुटी सांगेन, कारण गुटीत वेल आईला जोडलेली असतानाच मुळं धरते. नाही धरली तरी वेल जागेवरच असते.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बांधा, पाऊस सुरू व्हायच्या आत. शेंड्यापासून हात-दीड हात खाली, पेन्सिलीएवढ्या जाडीची जागा निवडा. तिथलं एक पान काढा. काजू-लिंबाच्या गुटीला आपण सालीचं कडं काढतो, तसं इथे करू नका, दांडा बारीक आहे आणि मोडतो. डोळ्याच्या खालून वर जाणारा तिरका काप घ्या, इंचभर लांब, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. चाकू स्पिरिटने पुसलेला असावा. कापाला मुळं फुटायची पावडर बोटाने हलकी लावा आणि तो मिटू नये म्हणून आत मॉसचे दोन धागे सरकवा. दांड्याला शेजारी बांबूची काडी बांधून घ्या, नाहीतर वाऱ्याने तिथेच दुमडतो. मग पावसाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला मॉस मूठभर भोवती लावायचा, कलमाच्या प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळायचा, दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. वरून काळं प्लास्टिक. आत उजेड शिरला की मुळांऐवजी शेवाळ वाढतं. वरचं टोक नीट बांधलेलं नसेल तर पाणी आत उतरतं आणि काप कुजतो, म्हणून तिथे दोन वेढे जास्त द्या.

दोन-तीन महिन्यांनी काळं प्लास्टिक सोडून बघा. आतल्या पारदर्शक पट्टीला काळी मुळं टेकलेली दिसली की नारळी पौर्णिमेच्या आसपास गुटीच्या खालून कापा आणि मॉस न सोडवता कुंडीत लावा. दिसली नाहीत तर परत गुंडाळून ठेवा, घाई कसली. खाली राहिलेला खुंट फेकू नका, त्याला बाजूने नवे फुटवे येतात.

वेल फारच लांब असेल तर मधल्या भागाची छाट कलमं करा. प्रत्येकाला दोन-तीन पानं, घट सगळे काढून टाका, पानं आडवी अर्धी कापा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालच्या बोटभर भागाची साल दोन बाजूंनी हलकी खरवडा, पावडर लावा, ओल्या मॉसमध्ये उभं करा. खालचं टोक कुठलं ते विसरायला होतं, म्हणून कापतानाच वरचं टोक सपाट ठेवा. वर पारदर्शक पिशवी, एका कोपऱ्याला दोन भोकं, आणि उजेडाची सावली. ऐन आषाढात करू नका, अंधार आणि बुरशी दोन्ही असतात. मेअखेर किंवा पाऊस ओसरल्यावर भाद्रपदात. महिना-दीड महिन्यात बगलेतून हिरवा कोंब आला की लोक ओढून बघतात. कोंब दांड्यातल्या साठ्यावर येतो, मुळं त्यानंतर. कोंबाला दोन-तीन पानं येऊन टोकाला पहिला इवलासा घट धरेपर्यंत हात लावू नका. मग पिशवी एकदम न काढता आठवडाभर रोज थोडी जास्त उघडत जा.

बुंध्यातून आलेली पिल्लं वेगळी करायची असतील तर त्यांना स्वतःची मुळं आहेत का ते आधी माती, म्हणजे मिश्रण, बाजूला करून बघा. आणि बियांचं म्हणाल तर नर आणि मादी झाडं वेगळी असतात, दोन्ही एकाच वेळी फुलावी लागतात, बी लवकर निर्जीव होतं आणि रोपाला अंगभर घट यायला वर्षं लागतात. घरात एक झाड असेल तर बी विसरा.

नारळी पौर्णिमा मी उगीच धरत नाही. गणपतीला चाकरमानी येतात आणि परत जाताना प्रत्येकाला एक हवी असते. तोवर गुटीला कुंडीत दोन-अडीच आठवडे झालेले असतात. गाडीत नेताना प्रत्येक घटाच्या तोंडात ओला मॉस किंवा कापूस अलगद कोंबा, म्हणजे पाणी सांडत नाही. सांडलंच तर घरी पोचल्यावर पावसाचं पाणी पाव घट भरेल इतकं घाला, काठोकाठ नाही. कुंडी पिशवीत घालून तोंड सैल बांधा आणि रेल्वेत खिडकीच्या वाऱ्याला धरू नका. मुंबईला पोचल्यावर जुने घट महिन्याभरात वाळणार, हे मी आधीच सांगून ठेवते, तरी दसऱ्याच्या सुमाराला फोन येतोच की झाड मेलं. शेंडा हिरवा आहे का, एवढंच विचारते. हिरवा असेल तर जागा बदलू नका, खत घालू नका, नवे घट दिवाळीनंतर धरतील.